सासऱ्यांच्या आवाजाच्या आठ कॉप्या

१ सप्टेंबर, सोमवार. रोहा.

आजपासून रोजनिशी. मोठं काम हातात घेतलंय, आणि मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. अर्थात कुणाला दाखवायची नाही.

काम असं. सासरे, मरहूम हाशिमसाहेब, जन्मभर कुवेतला. त्या काळी फोन महाग, खत लिहायचा कंटाळा. म्हणून गल्फवाले कॅसेट भरून पाठवायचे. येणाऱ्याच्या बॅगेत साबणाच्या वड्या, अत्तराची बाटली आणि मध्ये एक कॅसेट. सासूबाईंकडे अशी पिशवीभर कॅसेटी आहेत. त्यातली एक खास. आमच्या निकाहला सासऱ्यांना कंपनीनं रजा दिली नाही, तेव्हा लेकीसाठी चार शब्द आणि दुआ भरून पाठवली होती. बायकांच्या खोलीत ती लावली आणि सगळ्या बायका रडल्या म्हणे. मी बाहेर मांडवात सेहरा बांधून बसलेलो. मला ऐकू आली नाही.

आता १६ नोव्हेंबरला आमच्या लेकीचा, अरीबाचा, निकाह. बायकोचं, जमिलाचं, एकच मागणं : त्या दिवशी अब्बांचा आवाज वाजला पाहिजे. कॅसेट जुनी झालीय, कधी तुटेल नेम नाही. सासूबाई म्हणाल्या, पेणला कुणाकडून तरी कॉपी करून घेऊ. मी म्हटलं, अम्मी, घरात माणूस असताना पेणला कशाला? मी स्टोरेज लाइनमधला आहे.

दोहाला बावीस वर्षं स्टोरेज केलं. एसीचे फिल्टर, टायर, पाइप. आता फिल्टरच्या जागी डेटा, एवढाच फरक.

संकल्प : रोज सकाळी कुंडलिकेच्या काठानं चालायला जाणे.

३ सप्टेंबर

चालायला गेलो नाही. ढग होते.

कॅसेटी लॅपटॉपमध्ये भरायला सुरुवात. पद्धत सोपी. डेकमध्ये कॅसेट घालायची, वायर लॅपटॉपला लावायची, बटण दाबायचं, चहाला जायचं. जमिला म्हणाली, तुमी ऐकत पण बसा जरा, अब्बा काय काय बोलतात. मी म्हटलं, ऐकायला आयुष्य पडलंय गो. आधी सिस्टीम बसली पाहिजे.

शेजारपाजारच्यांनीही आपापल्या कॅसेटी आणून दिल्या. मोहल्ल्यात माझ्या नावाला वजन आहे. फक्त प्रत्येकानं, झालं की लगेच परत दे हां, असं दोनदोनदा बजावलं. हे मला आवडलं नाही.

५ सप्टेंबर, जुम्मा

शोध लागला! डीडुप्लिकेशन!

आपल्या भाषेत सांगायचं तर, मशीन बॅकअपच्या डेटाचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याचा अंगठा घेतं. तोच अंगठा आधी येऊन गेला असेल तर तो तुकडा परत ठेवत नाही, नुसती चिठ्ठी लावतं की हा माल अमक्या रॅकवर आहे. अरे, हे तर मी दोहाला हातानं करायचो! एकसारखा माल एका रॅकवर. आमचा फोरमन म्हणायचा, नासिर, तू माणूस नाहीस. कौतुकानंच म्हणायचा.

आणि गल्फच्या कॅसेटीइतका डीडुपला लायक माल दुनियेत नाही. प्रत्येकीची सुरुवात तीच. अस्सलामु अलैकुम, मी इथं खैरियतनं हाय, तुमची खैरियत अल्लाकडं मागतो, अम्माला सलाम, थोरल्या भायला सलाम, शेजारच्या खालाला सलाम, लोणचं पोचलं, म्हैस व्याली का. कुणाचीही घ्या. हे सगळं मशीन एकदाच ठेवणार. माझा अंदाज वीसास एक. वीस कॅसेटी एका कॅसेटच्या जागेत!

जमिलाला सांगितलं. तिनं विचारलं, म्हंजे अब्बांचे सलाम कापणार? मी म्हटलं, कापणार नाही गो, एकदाच ठेवणार. ती म्हणाली, पण त्यांनी तर दर वेळी केला होता.

तिला तांत्रिक बाजू कळत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

एसटीनं पेण. बाजारात दिनेशचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. हुशार म्हणतात. मी मशीनची सगळी माहिती कागदावर लिहून नेली होती. त्यानं कागद बाजूला ठेवून विचारलं, काका, डेटा किती हाय? मी म्हटलं, पिशवीभर कॅसेटी, वर मोहल्ल्याच्या. त्यानं मनात हिशोब केला आणि म्हणाला, एका पेनड्राइव्हमध्ये बसंल, वर जागा उरंल.

पेणला येऊन पेनड्राइव्ह! त्यासाठी रोह्याहून नागोठण्याचे खड्डे खात कोण येतो?

पुढे म्हणाला, फारच काळजी वाटत असंल तर दोन साध्या हार्ड डिस्क घ्या. दोन्हीवर एक-एक कॉपी. एक घरी ठेवा, एक भावाकडं. मी त्याला डीडुप समजावून सांगितलं. त्याला माहीत होतं, पण वरवर. म्हणाला, ते ऑफिसला चालतं, जिथं शंभर कॉम्प्युटरवर त्याच-त्याच फायली असतात, रोजचा बॅकअप असतो. मी म्हटलं, मग मोहल्ला काय असतो? त्यानं चहा मागवला.

येताना पोह्याचे पापड आणले. घरात कौतुक फक्त पापडांचं झालं.

१३ सप्टेंबर

हार्डवेअरचा अभ्यास. चालणं बंद आहे, पण अभ्यासानेही माणूस दमतो.

निष्कर्ष. रॅम भरपूर पाहिजे. अंगठ्यांची यादी रॅममध्ये राहते. रॅम तोकडी पडली की मशीन दर तुकड्यामागे डिस्कवर जाऊन शोधत बसतं, म्हणजे दर पाइपमागे गोदामाला फेरी. शिवाय यादीसाठी वेगळी एसएसडी, ती चपळ जातीची डिस्क. प्रोसेसर तगडा, कारण अंगठे तोच घेतो. डिस्कमध्येही दोन जाती असतात. स्वस्त जातीत लिहिण्याच्या रेघा कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. एक बदलायची तर शेजारच्या चार उचलाव्या लागतात, म्हणून डीडुपला फार हळू. कौलं आम्ही घरावरून काढून स्लॅब टाकला, ती डिस्कमध्ये कशाला घालू?

चार डिस्कचा डबा घ्यायचं ठरलं. किंमत इथे लिहीत नाही. ही वही जमिलाच्या हाताला लागू शकते.

१८ सप्टेंबर

परत पेण. दिनेशनं हात जोडले. मला वाटलं आदरानं, पण चेहरा तसा नव्हता.

डबा, रॅम, एसएसडी, सगळं त्यानं कबूल केलं. मात्र शेवटी खरा चेहरा दिसला. म्हणाला, काका, डिस्कांचं मिरर तरी करा. म्हणजे जे एका डिस्कवर, तेच दुसरीवर. मी उडालो. अरे, मी डीडुप्लिकेशन घ्यायला आलोय आणि तू मला डुप्लिकेट करायला सांगतोस? एका हातानं डुप्लिकेट काढायचं, दुसऱ्या हातानं घालायचं? तो म्हणाला, ते वेगळं आणि हे वेगळं, काका. एक डिस्क मेली तर अख्खा डबा जाईल. मी ठाम राहिलो. चारही डिस्क सलग, एकही मिरर नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

त्यानं बिलावर लिहून घेतलं की ग्राहकाच्या सांगण्यावरून. घे बाबा. इतिहासाला कळू दे कोणाच्या सांगण्यावरून.

२५ सप्टेंबर

मशीन आलं. फ्रिजवर बसवलं, तिथेच प्लग आहे. चार निळे दिवे. सासूबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, याच्यात ते कुठं हायत? मी म्हटलं, अम्मी, चारही दिव्यांमध्ये थोडे-थोडे. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

मला भरून आलं. जावई म्हणून आजवर त्यांनी माझ्या कुठल्याच कामाकडे एवढा वेळ बघितलं नव्हतं.

२७ सप्टेंबर

सगळ्या कॅसेटी मशीनमध्ये. डीडुपचा आकडा : एकास एक.

म्हणजे काहीच वाचलं नाही. एवढे सलाम, एवढी लोणची, आणि मशीनला एक तुकडा सारखा सापडेना!

मशीनमध्ये दोष असणार. दिनेशला फोन लावला. तो म्हणाला, मशीनला शब्द कळत नाहीत, काका, त्याला नुसते आकडे कळतात. एकाच माणसानं दोनदा सलाम केला तरी आकडे वेगळे पडतात, वर कॅसेटीची खरखर वेगळी. मी विचारलं, मग वीसास एक लोकांना मिळतो कुठून? तो म्हणाला, तीच फाइल वीसदा ठेवली तर मिळंल.

फोन ठेवला. मग विचार करत बसलो. पोरगा नकळत बोलून गेला, पण मुद्द्याचं बोलला.

२८ सप्टेंबर, रविवार

फत्ते!

सासूबाईंच्या कॅसेटींचं फोल्डर मशीनमध्येच आणखी एकदा कॉपी केलं. आकडा वर सरकला. आणखी एकदा. आणखी वर. दुपारपर्यंत फोल्डरं अशी : अम्मी, अम्मी दोन, अम्मी नवीन, अम्मी फायनल, अम्मी फायनल खरी, अम्मी राखीव, अम्मी निकाह, अम्मी हात लावू नका.

मोहल्ल्याचंही तसंच केलं. आकडा आठास एक! आणि कौतुक म्हणजे जागा एका कॉपीचीच गेली!

दिनेशला फोन करून आकडा सांगितला. त्यानं तो तीनदा विचारला. पेणचं नेटवर्क खराब आहे.

आता सासऱ्यांचा आवाज आठ ठिकाणी सुरक्षित. दोन साध्या डिस्कांवर किती असता? दोन.

२ ऑक्टोबर

लॅपटॉप फार हळू चालत होता. त्यातलं सगळं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. आठ असताना नववी कशाला? मशीनमध्ये तपासणीचं एक बटण आहे. दाबलं होतं, पण पाच तास लागतील म्हणालं, म्हणून बंद केलं. एवढा संशय घेऊ नये.

मोहल्लेवाल्यांच्या कॅसेटी परत केल्या. एकानेही मशीन बघायचंय म्हटलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, माझी कॅसेट? मी म्हटलं, अम्मी, आठ आहेत. त्या म्हणाल्या, आठ नको, माझी एक दे. जुन्या माणसांचा वस्तूवर जीव असतो. बघू म्हटलं.

७ ऑक्टोबर

धोंडी आला होता. वाडीवरचा. कालव्याकडचं आमचं शेत तो आणि त्याची काशीबाई करतात. भात पोटरीतून बाहेर आलंय, दाणा भरतोय, आणि पाखरांनी उच्छाद मांडलाय. त्यानं विचारलं, भाऊ, जुनी कॅसेट हाय का? रीळ काढून शेतावर ताणला की वाऱ्यानं भर्र वाजतो, पाखरू खाली उतरत नाय.

आता हे काम स्टोरेजच्या माणसाचं. मालाची नोंद नव्या गोदामात झाली की जुना माल डेड स्टॉक. डेड स्टॉक जागा खातो, धूळ धरतो, आणि हिशोबाच्या वेळी माणसाला अडचणीत आणतो. दोहाला मी कितीतरी टायर असे काढून टाकले. त्यातले काही चांगले निघाले, तो वेगळा विषय.

सासूबाईंची पिशवी धोंडीला दिली.

कपाटात केवढी जागा झाली! घरात लगेच सांगितलं नाही. निकाहच्या दिवशी आवाज घुमला की कॅसेट कुणाला आठवते?

१२ ऑक्टोबर, रविवार. दुपारी.

नागोठण्याहून व्याही आले होते, नवरदेव जुहेबचे अब्बा-अम्मी. अरीबाच्या साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच. जेवण उत्तम झालं. खाडीची कोळंबी. मग मी मशीनचा विषय काढला. जमिलानं दोनदा डोळे वटारले, पण पाहुण्यांनाच उत्सुकता होती. म्हणजे व्याही म्हणाले, असं का.

व्याह्यांना चष्म्यातून वरचे दिवे दिसेनात. मी म्हटलं, थांबा, खाली आणून दाखवतो. मशीन चालू होतं. चालू मशीन हलवू नये असं कुठेतरी वाचलं होतं, पण ते दुसऱ्या कंपनीच्या मशीनबद्दल असावं. उचललं. वायर मिक्सरच्या वायरीत गुंतलेली. मिक्सर आला. मिक्सर वाचवायला मी हात सोडला.

मिक्सर वाचला.

चारपैकी तीन दिवे निळे. चौथा लाल. आतून कर्र कर्र. व्याही म्हणाले, मशीन चांगलं होतं. होतं हा शब्द मला खटकला.

किरकोळ बिघाड असावा.

१३ ऑक्टोबर

पेण. मशीन मांडीवर घेऊन एसटीत बसलो. दिनेशनं दोन तास घेतले. मग गल्ला सोडून माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसला. दुकानदार गल्ला सोडून शेजारी बसला की समजावं.

म्हणाला, काका, एक डिस्क गेली. आतली पाटी घासली गेलीय, ती परत यायची नाय. सगळं चारही डिस्कांवर पसरलेलं, म्हणून सगळंच गेलं. मी म्हटलं, पण आठ कॉप्या होत्या! तो हळूच म्हणाला, आठ चिठ्ठ्या होत्या, काका. कॉपी एकच होती. डीडुप म्हंजे तेच ना.

मी म्हटलं, मला माहीत आहे.

मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण असं नव्हतं माहीत.

त्यानं विचारलं, लॅपटॉपवर असंल की? मी म्हटलं, पुसलं. तो म्हणाला, बरं, मूळ कॅसेटी तरी हायत ना? मी पापड घ्यायला उठलो.

१५ ऑक्टोबर

घरी सांगितलं की मशीन सर्व्हिसिंगला आहे. फ्रिजवर जमिलानं पुन्हा लोणच्याची बरणी ठेवली.

सासूबाईंनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, काम चालू आहे. वाक्य खोटं नाही.

कारणं, उद्या लागलीच तर : (१) चिनी माल. (२) मिक्सरची वायर आखूड. (३) व्याह्यांचा चष्मा.

१७ ऑक्टोबर, जुम्मा

एकटाच शेतावर गेलो. पिकाची पाहणी म्हणून.

शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत टेप. बांबूंना ताणलेली, काळपट, उन्हात चमकणारी. वारा आला की सगळ्या ओळी भर्र करून वाजायच्या. पाखरू एक नाही. धोंडीनं एक कॅसेट संपली किंवा मध्येच तुटली की तिच्या टोकाला दुसरीची गाठ मारलेली. मी ओळीओळीनं फिरलो. सासऱ्यांची कुठली ते कळायला मार्ग नाही. सगळ्या एकसारख्या.

काशीबाईला विचारलं, कुठली कॅसेट कुठं लावली, काही आठवतं का? ती म्हणाली, भाऊ, रीळ तो रीळ, त्याला काय वळख? तिनं आग्रहानं काकडी दिली. बांधावर बसून खाल्ली. वाऱ्याचा आवाज ऐकत होतो. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. माणसानं पोरीच्या लग्नाला यायला मिळालं नाही म्हणून परदेशात खोलीत बसून चार शब्द भरले, आणि जावयानं ते भातावर टांगले.

१८ ऑक्टोबर

जमिलाला सांगितलं.

ती ओरडेल वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओट्याशी पाठ लावून खाली बसली. मग म्हणाली, मला वाटलं होतं अब्बा यावेळी तरी लग्नाला येतील.

माझ्याकडे तीन कारणं तयार होती. मी ती वहीतच ठेवली.

मग सासूबाई आल्या. त्यांना जमिलानंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, रिक्षा बोलाव. भात कापायच्या आत गेलं पाहिजे.

१९ ऑक्टोबर

काल उतरत्या उन्हात सगळं घर शेतात. सासूबाई बांधावर खुर्ची टाकून. धोंडीला कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. म्हणाला, भाऊ, म्हाताऱ्याचा आवाज हाय असं बोलला असतास तर मी हात लावला असता का? पाखरांचं मी भांडी वाजवून बघितलं असतं. काशीबाईनं माझ्याकडे बघून नुसतं अरारारा केलं. ते जास्त लागलं.

टेप गोळा करण्याच्या दोन पद्धती. माझी : एका टोकानं धरून ओढणे. त्यात दोन ठिकाणी तुटली. मला बांधावर बसवण्यात आलं. काशीबाईची : कोपर ते अंगठा गुंडाळत जाणे, सूत गुंडाळतात तसं. दिवस मावळायच्या आत सगळी गोळा. दोन गोण्या.

धोंडीची पाखरं आज सकाळपासून भातावर. त्याच्यासाठी जमिलानं जुन्या चमकीच्या ओढण्या पाठवल्या.

२६ ऑक्टोबर

घरात दुसरं काही नाही. निकाहची खरेदी बाजूला. जमिला, अरीबा आणि सासूबाई चटईवर बसून टेप सोडवतात, पुसतात, तुटलेली चिकटवतात, पेन्सिल घालून कॅसेटीत गुंडाळतात. नागोठण्याहून व्याहीणबाईही दोन दिवस येऊन बसल्या. चौघींच्या गप्पा, हसणं. मी चहा करतो. तेवढंच काम मला मिळालंय, तेही सासूबाई चाखून पास करतात.

मी सुचवलं की गुंडाळणं शास्त्रीय पद्धतीनं करावं. अरीबा म्हणाली, अब्बा, आलं संपलंय, घेऊन या.

२ नोव्हेंबर, रविवार

आज सापडले.

त्याआधी कुवेतच्या रेडिओच्या बातम्या, कुणीतरी उलटं बोलतंय (टेप उलट्या टोकाकडून भरली गेली होती), अर्धं गाणं, नुसती खरखर. मग एकदम गळा साफ केल्याचा आवाज. सासूबाईंचा हात जागच्या जागी थांबला. म्हणाल्या, हेच त्यांचं खाकरणं.

मग आवाज. फाटका, मध्येच पाण्यातून आल्यासारखा. जमिला डेकला कान लावून बसली. मी दारात उभा. ही कॅसेट मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सासऱ्यांचा आवाज माझ्या आठवणीपेक्षा बारीक होता.

शेवटाला कुणीच पोचलं नाही, कारण जमिला सारखी मागे नेऊन तेच ऐकत होती. मग सासूबाईंनी कॅसेट काढून घेतली आणि कमरेला खोचली. म्हणाल्या, आता निकाहच्या दिवशी. पुरी ऐकायची.

मी कॉपी करू का विचारलं. सासूबाईंनी कमरेचा खोचा घट्ट केला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल निकाह झाला. अल्लाच्या मेहेरबानीनं सगळं नीट. बिर्याणी पुरली.

निकाहनंतर जमिलानं डेक लावला. यावेळी स्पीकर पुरुषांकडेही. दिनेश पेणहून आला होता, धोंडी आणि काशीबाई पुढच्या ओळीत. खाकरणं आलं. मग : अस्सलामु अलैकुम. मी हाशिम, कुवेतवरनं. जमिला, बेटा, रजा मागितली, नाय मिळाली. रडू नको. तू रडलीस तर अम्मी रडंल. अल्ला तुझं घर भरलेलं ठेवो.

जमिला रडली. अरीबा रडली. जुहेब रडला, त्याला तर कारणही नव्हतं. मीही.

मग सासरे म्हणाले, जावईबापूंना सलाम सांग. माणूस दिलाचा चांगला हाय असं सगळे बोलतात. मी ताठ बसलो. व्याह्यांकडे बघितलं. पण एक गोष्ट ध्यानात ठेव, बेटा, सासरे म्हणाले, आणि तिथे धोंडीची गाठ आली. खर्र. आणि पुढे : म्हैस व्याली का?

मांडव हसला. मग बायकांच्या बाजूनं सासूबाईंचा आवाज. स्पीकरशिवाय, पण मागपर्यंत पोचला. म्हणाल्या, मधलं राहिलं ते मी सांगते, मला पाठ हाय. आणि हुबेहूब सासऱ्यांच्या बारीक आवाजात : कामाची वस्तू त्याच्या हातात देऊ नको, बेटा. तो फार सांभाळून ठेवील.

धोंडीसुद्धा हसला. दिनेशनं तर ताट खाली ठेवलं.

हे खरंच कॅसेटमध्ये होतं का? रात्रभर डोक्यात तेच. सासऱ्यांनी तर मला तेव्हा बघितलंही नव्हतं. आज सकाळी जमिलाला विचारलं. ती पाहुण्यांचे कप विसळत होती. खूप हसली आणि म्हणाली, अम्मीला ठाऊक.

सासूबाईंना विचारायची हिंमत नाही. आणि तपासून बघावं म्हटलं, तर दुसरी कॉपी नाही.